टाकलेलं उचलण्याआधी

सातारा

प्रिय भाचेबाई,


तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली हातांची खुर्ची, तिच्या पायाशी मिक्सर, सुतळीनं बांधलेली पंख्याची पाती, शेजारी पंख्याचा गोळा आणि पुस्तकांनी भरलेला खोका. खाली तुझा एका ओळीचा प्रश्न, ‘मामा, घेऊ का?’ तासाभरातच तुझ्या आईचा फोन आला. पोरगी पुण्यात नोकरीला लागली, पगार वेळेवर होतो, आणि ही म्हणे लोकांनी टाकलेल्या खुर्च्या घरात आणणार. हे खूळ तूच तिच्या डोक्यात घातलंस, आता तूच काढ. तिच्याशी मी स्वतंत्र बोलेन. कारखान्याच्या देखभाल विभागात माझी नोकरी गेली, त्यामुळे बिघडलेल्या वस्तूकडे बघायची माझी नजर तिच्यापेक्षा निराळी आहे, एवढं तरी ती मान्य करते. हे पत्र तुझ्यासाठी.

घे, पण कुणाला तरी विचारून घे.

पार्किंगमध्ये ठेवलेली प्रत्येक वस्तू टाकलेलीच असते असं नाही. घर बदलणारे लोक टेंपो येईपर्यंत सामान खाली आणून ठेवतात. कुणाकडे रंगकाम चालू असतं, कुणाच्या भावाला कपाट द्यायचं असतं आणि तो रविवारी येणार असतो. वॉचमनला विचार, त्याला माहीत नसेल तर ज्या मजल्यावरून सामान आलं त्यांची बेल वाजव. ‘काका, ही खुर्ची तुम्हाला नको असेल तर मी नेऊ का?’ एवढं विचारायची लाज वाटत असेल तर खुर्ची नेऊ नकोस. विचारल्याचा एक व्यावहारिक फायदाही असतो. देणारा माणूस वस्तूची हकीकत सांगतो. ‘मिक्सर चालतो हो, पण मध्येच बंद पडतो’ हे एक वाक्य तुझा अर्धा दिवस वाचवतं. आमच्या लहानपणी होळीच्या आदल्या रात्री लोकांच्या परसातली लाकडं आणि मोडकी बाकं पळवणं हा पोरांचा हक्कच समजत असत. ती सूट एका रात्रीपुरती होती, आणि आता तीसुद्धा कुणी देत नाही.

पेठांमधून जाताना तुला पाडकाम चाललेले वाडे दिसतील. सागवानी खांब आडवे पडलेले, नक्षीच्या चौकटी भिंतीला लावलेल्या. हे सगळं राडारोड्यात चाललंय असं वाटून तुझा जीव वरखाली होईल. तसं नसतं. पाडकामाचा ठेका घेणारा आधी वाडा हिंडून तुळया मोजतो, खांबांचा घेर बघतो, दारं, चौकटी, गज, कौलं यांचा हिशेब मांडतो, आणि बऱ्याचदा त्या मालाची किंमत धरूनच मालकाशी त्याचा सौदा ठरतो. तिथली बिजागरीसुद्धा त्याची. एखादी कडी किंवा दाराची फळी आवडली तर मुकादमाला गाठ आणि पैसे मोजून घे. विटा मागायच्या तर चुन्यातल्या माग. चुन्याचा सांधा थापीच्या टोकानं सुटतो आणि वीट पुन्हा बांधकामाला येते. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा घट्ट धरतो, त्यामुळे ठोकायला गेलं की सांधा तसाच राहतो आणि वीट फुटते.

आता जिला विचारायचं तुझ्या मनातही येणार नाही, तिच्याबद्दल. तुमच्या इमारतीत सकाळी कचरा न्यायला ज्या मावशी येतात, त्यांना महापालिकेचा पगार असेल अशी तुझी समजूत असणार. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या मावशींना तो नसतो. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे यांवर त्यांचं घर चालतं. या बायकांनी १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. तोवर उकिरड्यावर वेचणारीला कुणीही हटकावं, चोर म्हणावं, अशी रीत होती. पंचायतीनं त्यांना ओळखपत्रं दिली, ती पुढे महापालिकेनं मान्य केली. याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून ती महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पण कागदावर हक्क मिळाला म्हणजे पार्किंगमधला खोका मिळतो असं नाही. तो कुणीतरी त्यांच्याआधी उचलतं.

म्हणून माझा एक ठोकताळा तुला देतो, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. टाकलेल्या प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात, एक भंगाराचा आणि एक वापराचा. पितळी नळ, तांब्याची तार, ॲल्युमिनियमचं पातेलं, पुठ्ठा, रद्दी यांना वजनावर रोख पैसे मिळतात आणि ते त्या मावशींच्या हातात पडतात. ते तू उचललंस तर त्यांच्या दिवसाच्या कमाईतून उचललंस. लाकडी खुर्चीला भंगारवाला हात लावत नाही. फार तर ती कुणाच्या तरी बंबाखाली जळण म्हणून जाते. पण चार सांधे घट्ट केले तर तीच खुर्ची तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल. ज्या वस्तूच्या या दोन भावांत मोठा फरक असेल तिथे बेलाशक हात घाल. जिथे फरक थोडा असेल तिथे ती वस्तू मावशींना जाऊ दे. तुला फारच हवी असेल तर त्या सांगतील तो भाव दे आणि वर थोडे जास्त दे. घासाघीस करू नकोस. तुझ्या फोटोतली खुर्ची तुझी. पंख्यात तांब्याची वायंडिंग आणि ॲल्युमिनियमची पाती आहेत, तेव्हा पंख्याचे आणि पुस्तकांच्या रद्दीचे पैसे मावशींना विचारून दे.

वस्तू हाताशी आली की ती टाकली कशामुळे याचा शोध घे. माणसं वस्तू टाकतात ती बहुतेक वेळा वस्तू संपली म्हणून टाकत नाहीत. नवीन आली, जागा नाही, भाडेकरार संपला, दुरुस्तीवाल्यानं ‘आता हे मॉडेल येत नाही’ म्हणून हात झटकले. मिक्सरचंच घे. कितीतरी मिक्सर केवळ बुडाशी असलेलं लाल बटण बाहेर आलं म्हणून टाकले जातात. जारमध्ये ओलं खोबरं किंवा डाळ ठासून भरली की मोटरवर ताण येतो आणि ती जळू नये म्हणून ते बटण आपोआप सुटतं. थोडं गार होऊ द्यायचं आणि बटण आत दाबायचं, एवढाच इलाज. त्यानंही चालला नाही तर जारखालचा कपलर बघ. त्याचे दाते झिजले असतील तर मोटर फिरते पण पातं फिरत नाही. कपलर बाजारात सुटा मिळतो. मोटरच्या दोन बाजूंचे कार्बन ब्रश झिजले असतील तर आत ठिणग्या जास्त दिसतात. तेही सुटे मिळतात. आर्मेचर जळल्याचा वास मात्र एकदा आला की तो मिक्सर मावशींचा.

पंखा हळू फिरतो म्हणून टाकला असेल तर नव्वद टक्के दोष कपॅसिटरचा, असं आमच्या खात्यात म्हणायचे. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर आकडा छापलेला असतो, तोच माग. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नकोस, आणि जुन्या कपॅसिटरची दोन टोकं आवरण असलेल्या स्क्रूड्रायव्हरनं आधी एकमेकांना टेकव. घरघर येत असेल तर बेअरिंग गेली. इस्त्री बहुतेक वेळा वायर जिथे आत शिरते तिथे तुटलेली असते, कारण रोज ती तिथेच वाकते. टेबललँप, नाइटलँप यांचा दोष सहसा होल्डरमध्ये किंवा पिनमध्ये सापडतो.

टाकलेलं कोणतंही विजेचं उपकरण थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचं नाही. हा सल्ला नव्हे, हुकूम समज. सिरीज बोर्ड लागतो. लाकडी पाटीवर साधा पिवळा बल्ब असतो आणि त्यातूनच पुढे उपकरणाला वीज जाते. उपकरणात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजानं पेटतो आणि घरातली एमसीबी पडत नाही, आगही लागत नाही. सगळं ठीक असेल तर उपकरणाच्या भाराप्रमाणे बल्ब मंद राहतो किंवा थोडा चमकून शांत होतो. शॉर्ट नाही असं दिसलं तरी धातूच्या अंगाला टेस्टर लावून बघायचा. त्याचा दिवा लागला तर आत कुठेतरी वायर अंगाला टेकलीय आणि ते सापडेपर्यंत उपकरण वापरायचं नाही. तीन पिनांची वायर कापून दोन पिनांची केलेली दिसली तर आधीचा मालक आळशी होता असं समज आणि अर्थिंग पुन्हा जोड.

काही गोष्टी कितीही चांगल्या दिसल्या तरी उचलायच्या नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायचा नाही. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही माणूस मारण्याइतका भार धरून असू शकतो. जुन्या डब्याच्या टीव्हीचं तेच, शिवाय त्याच्या काचेत शिसं असतं. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल किंवा लॅपटॉप दाबू नकोस, उघडू नकोस, घरातही आणू नकोस. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रालाच तो दे. हेल्मेट एकदा आपटलं की आतला थर्माकोल दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचं हेल्मेट नाही म्हणजे नाही. बूड फुगलेला कुकर, गॅसची नळी, गॅसचा गीझर नको. फोमची गादी नको. कापसाची असेल आणि कापूस चांगला असेल तर गोष्ट वेगळी. पिंजाऱ्याकडून पिंजून, नवी खोळ घालून ती नव्यासारखी होते, पण हल्ली पिंजारी शोधण्यातच आठवडा जातो.

लाकडावर थोडं थांबतो, कारण त्यात खरी मिळकत आहे. आधी उचलून बघ. वजनदार, बसकी, सांध्याला खीळ न दिसणारी वस्तू असेल तर ती जुन्या सुताराच्या हातची. तळाशी, जिथे पॉलिश केलेलं नसतं, तिथे नखानं खरवड. सागवानाचा गाभा सोनेरी तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला एक तिखटसर वास असतो. त्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. पांढरट रसकाष्ठाला मात्र शिवते, म्हणून पायांच्या कडा बघ. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा अजून जिवंत आहे. भोकं असून भुसा नसेल तर तो बहुधा केव्हाच गेला. प्लायवुडच्या वस्तूला एका पावसाचं पाणी लागलं की थर सुटतात आणि ती गेलीच. भुशाच्या दाबलेल्या फळीचं तर एकदा स्क्रू निघाला की त्याच जागी दुसरा बसत नाही. बाहेर चकचकीत सनमायका आणि आत ही फळी, असल्या कपाटांनी सध्या सगळी पार्किंगं भरलेली असतात. त्यांच्या नादी लागू नकोस. त्यांच्या बिजागऱ्या आणि सरकत्या पट्ट्या मात्र चांगल्या असतात.

ढेकणांचं आईनं घाबरवलं असेल, आणि त्या एका बाबतीत तिचं बरोबर आहे. खुर्चीच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत, वेताच्या विणीखाली काळे बारीक ठिपके दिसले की ते ढेकणांचे. पोटात काही नसतानाही ढेकूण कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे ‘रिकाम्या घरात पडून होती’ हा पुरावा होत नाही. पूर्वी खाटेवर उकळतं पाणी ओतायचे ते उगीच नव्हे. लाकडी आणि वेताची वस्तू गॅलरीत ठेवून सांध्यासांध्यांत उकळतं पाणी घाल, दोन दिवस कडक उन्हात वाळव आणि मगच घरात घे. गाद्यागिरद्यांवर हा उपाय चालत नाही, म्हणून त्यांच्यावर असे ठिपके दिसले तर त्या उचलायच्याच नाहीत.

रंग दिलेलं जुनं दार किंवा कपाट मिळालं तर रंग कोरडा घासायचा नाही. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या चकचकीत ऑइलपेंटात शिसं असू शकतं आणि सँडपेपरची धूळ घरभर बसते. पाणी मारत मारत ओल्या पेपरनं घास, तोंडाला मास्क लाव, आणि शेजारची लहान मुलं खेळायला येतात त्या वेळी हे काम काढू नकोस. खिळे सगळे उपटून घे. लाकडात खोल राहिलेला एक खिळा सुताराच्या रंध्याचं पातं मोडतो आणि मग तो तुझं पुढचं काम घेत नाही.

फुकटात मिळालेल्या वस्तूंत माझ्या मते सगळ्यात मोलाची हत्यारं. एखादा जुना सुतार किंवा फिटर वारला की त्याच्या घरातली पेटी पोरं भंगारात देऊन टाकतात. पटाशी, करवत, रंधा, पाने, कानस, बाकाला बसवायचा शेगडा. गंज वरवरचा असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून तारेच्या ब्रशनं घासला की खालचं पोलाद स्वच्छ निघतं. आजच्या स्वस्त पटाशीची धार एका दुपारीत जाते. त्या जुन्या पटाश्या आठवडा काढतात. याला वजनाचा भाव थोडा आणि वापराचा भाव फार, तेव्हा माझ्या ठोकताळ्याप्रमाणे हे बिनदिक्कत घ्यावं. मात्र घेताना पेटी कुणाची होती ते विचार. एखाद्या घरात अजून कुणी ते काम करत असेल आणि त्याला न विचारताच बाकीच्यांनी विकायला काढली असेल, असंही असतं.

माणूस गेल्यावर घर आवरताना टाकलेल्या वस्तूंबद्दल सांगतो, कारण बोलायला लोक कचरतात. तेराव्यानंतर पलंग, वॉकर, चाकाची खुर्ची, हवेची गादी हे सगळं एका दिवसात खाली येतं, आणि अपशकुनी म्हणून कुणी हात लावत नाही. पलंगाला शकुन-अपशकुन नसतो. तू घरच्यांना भेट, दोन शब्द बोल आणि विचार. बहुतेकांना वस्तू कुणाच्या तरी कामी येतेय म्हटल्यावर बरं वाटतं. चाकाची खुर्ची आणि वॉकर तुला नकोत, पण ते कचऱ्यात जाऊ देऊ नकोस. आपल्याकडे गावोगाव रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात, तिथून गरजू लोक अशा वस्तू थोड्या दिवसांसाठी नेतात. तिथे फोन कर, ते येऊन घेऊन जातात किंवा कुठे पोचवायचं ते सांगतात.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघालेली दिसली तर ती वजनाचीच वस्तू, भाव देऊन घे. आतली कल्हई गेलेली असेल तर आमटी, ताक, चिंचेचं काही त्यात ठेवू नकोस. कथील आणि नवसागर घेऊन बसणारा कल्हईवाला पेठांत शोधलास तर सापडेल. कपड्यांचं मी काही सांगत नाही, ते खातं बोहारणीचं आणि तुझ्या आजीच्या गोधड्यांचं.

पुस्तकांचा खोका आला की हरखून जाऊ नकोस. आधी वास घे. ओल लागून बुरशी चढलेली असेल तर बाकीच्या पुस्तकांनाही ती लागेल. पानं उलगडून कसर आहे का बघ. सावलीत वाळव, उन्हात नको, उन्हानं बांधणी तडकते. जुने दिवाळी अंक असतील तर वर्ष बघून वेगळे काढ. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा चालते, आणि वाचून झालेला अंक पुढच्या दिवाळीआधी रद्दीत जातो. ग्रंथालयांच्या संचात कित्येक वर्षांचे अंक मधूनमधून गळालेले असतात. तुझ्याकडचा अंक त्यांना हवा असू शकतो, विचारून बघ. पुस्तकांत पत्रं, फोटो, पत्रिका सापडतात. त्या वाचायच्या नाहीत, ज्याच्या घरून खोका आला त्याला परत द्यायच्या. मालक सापडलाच नाही तर फाडून टाक. टाकलेला लॅपटॉप मिळाला तर त्याची डिस्क उघडून बघू नकोस. ती पूर्ण पुसून मग वापर. आधार कार्डाच्या झेरॉक्स, बँकेची पासबुकं असं काही आलं की बारीक फाड.

जुन्या कागदपत्रांबद्दल मात्र घाई नको. मोडी लिपीतलं काही हाताला लागलं तर ते फाडायचंही नाही आणि फ्रेम करून भिंतीला लावायचंही नाही. वि. का. राजवाडे अशाच माळ्यांवर आणि वाड्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत पडलेल्या दफ्तरांमागे गावोगाव हिंडले, म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले. पहिला १८९८ साली आला. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. ते सदाशिव पेठेत आहे आणि तुझ्यापासून फार लांब नाही. कागद तिथे नेऊन दाखव. बहुधा ते एखाद्या शेताच्या वाटणीचे असतील. पण तसं असेल तरी ते वाचून सांगणारी माणसं तिथे आहेत.

आणि आता ज्याची मला धास्ती वाटते ते. बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, ते तू पाहिलं नसशील तर या रविवारी पाहा. दिनकर केळकरांनी आयुष्य घालून अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, कुलपं, दौती, दरवाजे गोळा केले, म्हणजे घराघरांतून मोडीत निघणारंच सामान. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो दिवाणखाना तिथे पुन्हा उभा केला आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. बघून येशील तेव्हा तुलाही अडकित्ते गोळा करावेसे वाटतील. नको करूस. केळकरांनी ते सगळं नोंदवून, मांडून, लोकांना दाखवलं आणि शेवटी दिलं. तुझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि अकरा महिन्यांचा करार. ‘कधीतरी दुरुस्त करीन’ म्हणून आणलेली वस्तू गॅलरीत सहा महिने पडली तर तू कचऱ्याची फक्त जागा बदललीस, आणि वर मावशींचे पैसे बुडवलेस. आणलेली वस्तू पुढच्या पगाराच्या तारखेपर्यंत वापरात आली पाहिजे. आली नाही तर जिच्या हक्काची होती तिला देऊन टाक. एक दुरुस्त झाल्याशिवाय दुसरी आणायची नाही. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या घरात आता माणसं आडवी होऊन चालतात. मी नाव सांगणार नाही, तू ओळखशील.

हंगाम लक्षात ठेव. दिवाळीआधीच्या साफसफाईत सगळ्यात जास्त सामान खाली येतं. मे-जूनमध्ये कॉलेजची वसतिगृहं आणि भाड्याची घरं रिकामी होतात, तेव्हा टेबलं, लोखंडी रॅक, पुस्तकं मिळतात. पाऊस सुरू झाला की बाहेर पडलेल्या लाकडाकडे बघू नकोस.

आईचं म्हणणं ‘लोक काय म्हणतील’ एवढंच नाही, हे तुला कळायला हवं. ज्या घरात चार आण्यांचा हिशेब ठेवून मुलांना शिकवलं, त्या घरातल्या बाईला मुलगी पुन्हा दुसऱ्याची मोडकी खुर्ची आणते हे पाहून आपले सगळे कष्ट वाया गेल्यासारखे वाटतात. तिला तुझ्या पर्यावरणाच्या गोष्टी सांगू नकोस. खुर्ची पूर्ण झाली की तिला दाखव, आधी नाही. आणि तू स्वतः एक भान ठेव. तू टाकलेली खुर्ची उचललीस की ऑफिसातल्या मैत्रिणी कौतुक करतील, फोटो मागतील. त्याच पार्किंगमधून तीच खुर्ची मावशींनी उचलली तर वॉचमन त्यांना अडवेल. हे वारंवार घडताना मी पाहिलं आहे. तुझ्या सोसायटीत घडलं तर तू तिथे बोलायचं. तुझं ऐकतील, कारण तू तिथे भाडं भरतेस.

पुढच्या महिन्यात मी दातांच्या कामासाठी पुण्यात येतोय, रविवार मोकळा ठेव. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जितक्या सकाळी जाऊ तितकं बरं, दहानंतर हत्यारांतलं चांगलं उरत नाही. तिथे काहीही घेताना नंबर खरवडलेला मोबाइल, सायकल किंवा यंत्र दिसलं तर लगेच पुढे चालायचं, भाव विचारायचासुद्धा नाही. सिरीज बोर्ड मी इथूनच बनवून आणतो. तू लाकडाचा डिंक, चार क्लँप आणि १२० नंबरचा पॉलिशपेपर आणून ठेव. सुटे पैसे खिशात असू देत, तिथे ऑनलाइन घेतातही, पण रोख दिले की भाव थोडा खाली येतो.

तुझा
बापूमामा